न आलेल्यांची यादी

दक्षिण वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणगावात १९६१ साली डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट जनरल प्रॅक्टिस करायला आले. केंब्रिजचं शिक्षण, लंडनच्या सेंट जॉर्जेसमधून डॉक्टरकी, रिचर्ड डॉल आणि आर्ची कॉक्रन यांच्यासारख्या साथरोगतज्ज्ञांच्या हाताखाली केलेलं काम. एवढी शिदोरी असलेल्या माणसाने मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट व्हायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. खेड्यातला दवाखाना चालवणं म्हणजे जिना चढता चढता खाली घसरणं. ही कुचाळकी चहाच्या टेबलावर तर चालायचीच. पण चर्चिलचे डॉक्टर लॉर्ड मोरन यांनी १९५८ साली डॉक्टरांच्या वेतनाचा विचार करणाऱ्या आयोगापुढेही याच अर्थाची साक्ष दिली होती, आणि ब्रिटनभरच्या जीपींना, म्हणजे जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना, ती वर्षानुवर्षं झोंबत राहिली.

ग्लिनकॉरुग आव्हन नदीच्या खोऱ्यात, एका फाट्याच्या टोकाला वसलेलं आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, रस्ता गावात येऊन संपतो. वस्ती जेमतेम दोन हजारांची आणि तीही कोळशाभोवती उभी राहिलेली. या दऱ्यांमध्ये डॉक्टर आणि गाव यांचं नातं राष्ट्रीय आरोग्य सेवेहून, म्हणजे एनएचएसहून, जुनं. खाणकामगार पगारातून ठरावीक रक्कम कापून द्यायचे, त्यातून मंडळं उभी राहायची आणि ती मंडळं डॉक्टर नेमायची. ट्रेडेगारचं असं मंडळ तर प्रसिद्धच आहे. अन्युरिन बेव्हन त्याच गावचे, आणि पुढे आरोग्यमंत्री म्हणून त्यांनीच ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू केली.

एनएचएसने जीपींच्या हातात एक चीज दिली, जिची किंमत त्यांच्यातल्या बहुतेकांना कळायला फार वेळ लागला. ती म्हणजे यादी. प्रत्येक नागरिकाने कुठल्यातरी एका जीपीकडे नाव नोंदवायचं आणि यादीतल्या माणशी डॉक्टरला वर्षाकाठी पैसे मिळायचे, माणूस दवाखान्यात येवो न येवो. म्हणजे आपल्या जबाबदारीवर नेमकी कोणती माणसं आहेत हे डॉक्टरला नावानिशी माहीत. ग्लिनकॉरुगमध्ये दवाखाना एकच, त्यामुळे दवाखान्याची यादी आणि गावाची यादी जवळजवळ एकच होती. या दवाखान्याची पुढची सगळी वाटचाल त्या यादीभोवती झाली. हार्ट यांच्या साधेपणाबद्दल, त्यागाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्या दवाखान्याची खरी करामत कारकुनी स्वरूपाची वाटते.

सुरुवातीचा काळ काही सुखाचा नव्हता. ब्रिटिश जनरल प्रॅक्टिसची तेव्हाची अवस्था जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९५० साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली होती. औद्योगिक वस्त्यांमधले काही दवाखाने त्याला इतके गचाळ आढळले, की ते वाचून वैद्यकीय जगत हादरलं. एकांडे डॉक्टर, तुडुंब वेटिंग रूम, तपासणीला टेबल नाही, मदतीला नर्स नाही. १९६६ साली सरकार आणि डॉक्टर यांच्यात नवा करार झाला, तेव्हा कुठे दवाखान्यातल्या मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के भार सरकार उचलू लागलं आणि एका माणसाच्या दवाखान्यात चार माणसं काम करू शकतील अशी सोय झाली. या कराराबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण तो झाला नसता तर हार्ट यांची कल्पना कागदावरच राहिली असती.

ती कल्पना त्यांनी आणली होती कॉक्रन यांच्याकडून. कॉक्रन यांनी १९५० च्या दशकात रॉन्डा खोऱ्याच्या एका भागातल्या खाणकामगारांच्या छातीचे एक्सरे काढले होते. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं कशी निकामी होतात याचा तो अभ्यास होता. त्यात कॉक्रन यांचा एक हट्ट असे: सर्वेक्षणात शंभरातली नव्वदहून जास्त माणसं आलीच पाहिजेत. राहिलेल्यांसाठी दारोदार जा, पुन्हा जा, पण सोडू नका. कारण जे येत नाहीत ते आलेल्यांसारखे नसतात. कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कोणी दारूत बुडालेलं, कोणी डॉक्टरला भ्यालेलं. त्यांना वगळून काढलेली सरासरी खोटी ठरते.

हे तत्त्व संशोधकासाठी होतं. हार्ट यांनी ते दवाखान्यात आणलं.

१९६८ साली त्यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचं ब्लडप्रेशर मोजायचं ठरवलं. आज हे वाक्य वाचताना काही विशेष वाटणार नाही. आपल्याकडे मेडिकल स्टोअरच्या काउंटरवरसुद्धा कफ बांधून देतात. पण त्या काळात प्रेशर मोजायचं ते तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचं. डोकं दुखतंय, चक्कर येतेय, मग मोजा. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला बोलावून मोजायचं आणि काहीही होत नसताना त्याला जन्मभराची गोळी चालू करायची, हे बऱ्याच डॉक्टरांना आगाऊपणाचं वाटे. औषधाने फायदा होतो याचे भक्कम पुरावेही नुकतेच यायला लागले होते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीचा पहिला निष्कर्ष १९६७ चा.

गावजेवणासारखी सगळ्यांना एका दिवशी हाक घालून हे होणार नव्हतं. हार्ट यांनी केलं ते असं. वर्षभरात यादीतली बहुतेक माणसं कुठल्या ना कुठल्या कारणाने दवाखान्यात येतातच. कोणी खोकला घेऊन, कोणी कामावर न जाण्याचा दाखला मागायला, कोणी पोराला दाखवायला. तो आला, की केसपेपर बघायचा. त्यावर प्रेशरची नोंद नसेल तर आलेल्या कामाबरोबर तेही उरकायचं. हळूहळू नोंद नसलेले केसपेपर कमी होत जातात आणि शेवटी एक छोटा गठ्ठा उरतो, कधीच न येणाऱ्यांचा. मग त्या गठ्ठ्यातल्या एकेकाला निरोप, चिठ्ठी, गरज पडली तर घरी फेरी. १९७० साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये ही पद्धत मांडली. संबंध यादीचं प्रेशर मोजणारा ब्रिटनमधला पहिला जीपी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त आहे, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. केसपेपर वेळच्या वेळी लावणारी रिसेप्शनिस्ट, दर वेळी कफ बांधणारी नर्स, आणि वैतागलेल्या, उभ्या-उभ्या गोळ्या मागणाऱ्या माणसाला दोन मिनिटं बसवून ठेवण्याची ताकद. हार्ट यांच्या पत्नी मेरी स्वतः संशोधनात मुरलेल्या. दवाखान्याच्या अभ्यासांमध्ये त्यांचा मोठा वाटा होता आणि निबंधांवर त्यांचं नावही आहे. डॉक्टरांच्या बायकांनी दवाखाना सांभाळायचा आणि पाटीवर नाव एकाचंच, ही रीत आपल्याकडे काय आणि तिकडे काय, सारखीच. इथे निदान छापील श्रेय तरी मिळालं.

आपल्याकडे एमबीबीएसला पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, हा विषय असतो. त्यात 'रूल ऑफ हाव्ज' परीक्षेला हमखास येतो: उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो असल्याचं माहीत असतं, त्यातल्या निम्म्यांनाच उपचार मिळतात आणि त्यातल्याही निम्म्यांचाच दाब आटोक्यात येतो. आठातला एक. मूळ आकडे अमेरिकेतले, पण हा नियम जीपींच्या गळी उतरवला तो हार्ट यांनी. विद्यार्थी आकृती काढून तीन मार्क मिळवतात आणि पुढे खासगी दवाखाना थाटतात. तिथे यादी हा प्रकारच नसतो. आपला फॅमिली डॉक्टर तीन पिढ्यांना नावानिशी ओळखतो, कोणाला कोणतं इंजेक्शन सोसत नाही हे त्याला तोंडपाठ असतं. मात्र गेल्या दोन वर्षांत कोण फिरकलं नाही असं विचारलं तर सांगता येत नाही, कारण ते लिहून ठेवण्याची त्याला ना गरज, ना त्याचे पैसे. सरकारी व्यवस्थेत मात्र लोकसंख्येचा हिशेब आहे. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली ४०,००० माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं, तेव्हापासून तो धागा चालत आला आहे. आज आशाताई वहीत गरोदर बायांची आणि तान्ह्या मुलांची नावं लिहितात, तेव्हा त्या हार्ट यांच्याच जातकुळीचं काम करत असतात.

ग्लिनकॉरुगचा दवाखाना मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासांसाठी प्रयोगभूमी बनला. संशोधनासाठी मान्यता मिळालेला हा ब्रिटनमधला पहिला जीपी दवाखाना. सौम्य उच्च रक्तदाबावर गोळ्या द्याव्यात का, या प्रश्नावर कौन्सिलने जी प्रचंड चाचणी केली तिच्यात १७,३५४ रुग्ण होते आणि ते हॉस्पिटलांमधून नव्हे, तर देशभरच्या जीपी दवाखान्यांमधून आले. १९८५ साली निकाल आला: साधारण ८५० जणांना वर्षभर औषध द्यावं तेव्हा एक पक्षाघात टळतो. याला यश म्हणायचं की अपव्यय, यावर तेव्हा बरीच जुंपली. ग्लिनकॉरुगमध्ये स्वतंत्रपणे मिठावरही प्रयोग झाला. ग्रॅहम वॉट हा तरुण स्कॉटिश डॉक्टर हार्ट दांपत्याबरोबर काम करत होता. सौम्य रक्तदाबाच्या काही रुग्णांचं मीठ कमी करून पाहिलं, आणि प्रेशरमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. १९८३ साली त्यांनी तसंच छापलं. खेड्यातल्या दवाखान्याने चाचणी करावी, तिच्यातून काही हाती लागू नये आणि तेही बिनदिक्कत जाहीर करावं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

पण या दवाखान्याचं सगळ्यात धाडसी काम वेगळंच होतं. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून गावात झालेला प्रत्येक मृत्यू तपासायला हार्ट यांनी सुरुवात केली. माणूस कशाने गेला हे तर पाहायचंच, पण त्याच्या जाण्याआधी कुठे काय चुकलं, काय टाळता आलं असतं आणि ते कोणाच्या हातात होतं, हेही पाहायचं. एकापाठोपाठच्या ५०० मृत्यूंची अशी छाननी करून १९८७ साली त्यांनी ती एका सहकाऱ्यासह 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. जवळजवळ निम्म्या मृत्यूंमध्ये टाळता येण्याजोगं काहीतरी सापडलं. त्यातला मोठा वाटा सिगारेट आणि दारूचा होता. हॉस्पिटलच्या खात्यावर फार थोडं पडलं. आणि बराच भाग निघाला जीपीच्या, म्हणजे स्वतःच्याच खात्यावर.

जरा कल्पना करून पाहा. दोन हजारांच्या गावात मेलेला प्रत्येक माणूस डॉक्टरच्या ओळखीचा. त्याची विधवा उद्या बेकरीत भेटणार, त्याचा मुलगा परवा दाखला मागायला येणार. हॉस्पिटलात मृत्यूची बैठक होते तेव्हा मृताला केस नंबर असतो. इथे केस नंबरच्या आड लपायला जागा नव्हती. डॉक्टरने आपल्या चुका मोजाव्यात असं म्हणणारे पुष्कळ असतात. वीसेक वर्षं त्याची वही ठेवून ती छापणारे मला तरी फार माहीत नाहीत.

या सगळ्याच्या मध्ये, २७ फेब्रुवारी १९७१ च्या 'लॅन्सेट'मध्ये हार्ट यांचा तो लेख आला ज्याने त्यांना जगभर नाव मिळवून दिलं, 'द इन्व्हर्स केअर लॉ'. म्हणणं थोडक्यात असं: जिथे आजार जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते, आणि आरोग्य सेवा जितकी बाजाराच्या हाती जाईल तितकी ही तफावत वाढते. नियमाचा दुसरा भाग उद्धृत करताना बरेच लोक सोयीस्करपणे गाळतात. हार्ट यांना तोच अधिक महत्त्वाचा होता. ते कम्युनिस्ट होते, आणि १९६४, १९६६ व १९७० या तिन्ही निवडणुकांत त्या पक्षातर्फे आबेराव्हन मतदारसंघातून उभे राहून पडले. गावाने मतं मजूर पक्षाला दिली आणि प्रेशर मोजायला हात यांच्यापुढे केला.

लेख आला त्याच सुमारास गावातली खाण बंद झाली. आता गावाकडे ना कोळसा, ना रोजगार. आजारपण मात्र शिल्लक होतं: धुळीने भरलेली फुप्फुसं, झिजलेले गुडघे, रिकाम्या वेळेतली दारू. डॉक्टरचं काम वाढलं आणि यादी आटत गेली, कारण तरुण बाहेर पडू लागले. हार्ट १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथेच राहिले.

पंचवीस वर्षांचा हिशेब १९९१ साली छापून आला. उच्च रक्तदाबाच्या ११६ रुग्णांचं सरासरी प्रेशर उपचारांआधी १८६/११० होतं; १९८७ च्या तपासणीत ते १४६/८४ वर आलं. धूम्रपान निम्म्याहून खाली घसरलं. वजनाच्या बाबतीत मात्र फारसं यश नव्हतं. शेजारच्याच, तितक्याच गरीब गावाशी तुलना केली तेव्हा पासष्टीच्या आतले मृत्यू ग्लिनकॉरुगमध्ये चतुर्थांशाहून अधिक कमी भरले. गावं इतकी लहान, की या आकड्यावर फार मोठा इमला चढवू नये. शेजारच्या गावचे डॉक्टरही काही झोपले नव्हते; त्यांच्याकडे माणसं येत होती आणि ते बरं करत होते. न आलेल्यांचा गठ्ठा तेवढा त्यांच्या टेबलावर नव्हता.

इथे आपल्याशी जवळचा धागा येतो. १९६० च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघाले होते, आणि जे राहिले त्यांना खाणीच्या दऱ्या नको होत्या. ती पोकळी भरली भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतून आलेल्या डॉक्टरांनी. यातले बरेच जण सर्जन किंवा फिजिशियन व्हायला आले होते. मोठ्या हॉस्पिटलांत नामांकित विभागांची दारं त्यांना किलकिलीच राहिली. मिळाली ती वृद्धांच्या वॉर्डातली, मनोरुग्णालयातली कामं, किंवा कोळशाच्या गावातला एकट्याने चालवायचा दवाखाना. रॉन्डा खोऱ्यात तर अशी वेळ आली, की बहुसंख्य जीपी भारतीय उपखंडातले होते. १९९२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या पूर्णवेळ जीपींपैकी १६.५ टक्के दक्षिण आशियातल्या मेडिकल कॉलेजांतून शिकलेले होते, आणि काही भागांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं.

हे डॉक्टर हार्ट यांनी सांगितलेल्या नियमाच्या नेमक्या फटीत उभे होते. आजार जास्त आणि डॉक्टर कमी तिथे. मुंबईच्या किंवा मद्रासच्या कॉलेजात शिकलेला माणूस वेल्श म्हातारीचा खोकला ऐकतोय, तिच्या नवऱ्याच्या धुळीच्या आजाराचे भरपाईचे कागद भरतोय, रात्री-अपरात्री डोंगरावरच्या घरी जातोय, हे चित्र त्या दऱ्यांत तीस-चाळीस वर्षं रोजचं होतं. ब्रिटनच्या वैद्यकीय इतिहासात त्यांना मिळालेली जागा अलीकडेपर्यंत अगदी चिंचोळी होती. त्यांच्यापैकी बहुतेकांनी निबंध लिहिले नाहीत. एकट्याने अडीच हजारांची यादी सांभाळणाऱ्याला लिहायला सवड कुठली? मग ही पिढी एकदमच निवृत्तीला आली. १९९२ मध्ये काम करणारे यातले दोनतृतीयांश डॉक्टर २००७ पर्यंत निवृत्त होतील, असा इशारा १९९९ मध्येच छापून आला होता, आणि त्यांच्या जागा घ्यायला कोण येणार या प्रश्नाला कोणाकडे धड उत्तर नव्हतं.

ग्लिनकॉरुगचं काम पुढे कसं गेलं ते सरळ रेषेत सांगता येत नाही. आव्हनच्याच खोऱ्यात जीपी असलेले ब्रायन गिबन्स १९९९ साली वेल्सच्या विधानसभेत निवडून गेले आणि २००५ मध्ये आरोग्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, २००७ साली, वेल्सने प्रिस्क्रिप्शनवरचं शुल्क सगळ्यांसाठी रद्द केलं. पुढच्या दशकात वेल्समधल्या दोन आरोग्य मंडळांनी गरीब वस्त्यांतल्या मध्यमवयीन माणसांना शोधून, बोलावून हृदयाची तपासणी करायचा कार्यक्रम आखला आणि त्याला नाव हार्ट यांच्या नियमाचंच दिलं. हार्ट १ जुलै २०१८ रोजी गेले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी.

मिठाचा प्रयोग करणारे वॉट तोवर ग्लासगोत प्राध्यापक झाले होते. २००९ साली त्यांनी स्कॉटलंडमधल्या सगळ्यात गरीब वस्त्यांना सेवा देणाऱ्या १०० जीपी दवाखान्यांच्या डॉक्टरांना एकत्र आणलं. त्यातले बहुतेक दवाखाने ग्लासगोमधलेच. गटाचं नाव 'जीपीज ॲट द डीप एंड', पोहण्याच्या तलावातल्या खोल बाजूचे डॉक्टर. हे डॉक्टर पहिल्यांदा एका खोलीत बसले तेव्हा त्यांच्या तक्रारी एकसारख्या निघाल्या: रुग्णाला आजार चार, भेटीची वेळ दहा मिनिटं, आणि अर्धे प्रश्न औषधाचे नसून कर्जाचे, घरभाड्याचे, एकटेपणाचे. २०१४ पासून यातल्या काही दवाखान्यांत एकेक माणूस नेमला गेला, रुग्णाला या बाकीच्या प्रश्नांसाठी योग्य ठिकाणी पोचवणारा. तो उपयोगी वाटला आणि पुढे स्कॉटिश सरकारने त्याला देशभर नेण्याचं ठरवलं. पैशाचं गणित तेवढं बदललं नाही. खोल बाजूच्या दवाखान्यात आजाराचा बोजा श्रीमंत वस्तीपेक्षा खूप जास्त असतो, आणि दर माणशी निधी मात्र जवळपास तेवढाच येतो. वॉट आणि त्यांचे सहकारी हीच तफावत पुन्हा पुन्हा पुढे ठेवत आले आहेत.